पत्र्यावरचा दगड पत्रा धरत नाही

परसात सामानाची शेड उभी राहिली, की शेवटी पत्र्यावर चार दगड नाहीतर जुने टायर चढतात. “वजन ठेवलंय, आता पत्रा उडत नाही,” असं मालकही सांगतो आणि वेल्डरही. दरवर्षी वळवाच्या वाऱ्यात असे पत्रे उडतात, तरी ही समजूत जात नाही. पत्र्याबरोबर दगडही खाली येतात, आणि खाली माणसं असतात. म्हणून हा हिशेब नीट मांडायलाच हवा.

कमी उताराच्या छपरावरून वारा वेगाने गेला, की वरचा दाब घटतो आणि पत्रा वर ओढला जातो. वारा पत्र्याला दाबत नाही, उचलतो. 10 बाय 12 फुटांच्या शेडचं छप्पर साधारण 11 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार-साडेचार किलो भरतो, म्हणजे सगळं छप्पर पन्नास किलोंच्या आत-बाहेर. वारा ताशी 72 किलोमीटरचा असेल आणि दार उघडं असेल, तर उचलणारा जोर अडीचशे किलोंच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मुंबईसाठी 44 मीटर. 39 मीटरला या एवढ्याशा छपरावर जवळजवळ एक टनाची ओढ बसते. तिथे दहा-दहा किलोंचे चार दगड काय करणार? शिवाय ओढ सगळीकडे सारखी नसते. ती कडेला आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त, आणि पत्रा सुटायला लागतो तोही तिथूनच. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगडातल्या किती घरांची छपरं गेली ते कोकणात कुणालाही विचारा.

“मग जाड पत्रा घेतो,” हे उत्तरही पुरत नाही. जाडी दुप्पट केली तर चौरस मीटरला चार किलोच वाढतात.

वजन लागतं, पण ते जमिनीत. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात काँक्रीट भरलं, तर एका खांबाखाली सुमारे 230 किलो बसतात. सहा खांबांचे पावणेचौदाशे झाले. पण हे वजन पत्र्यापर्यंत पोचायला हवं: खांब काँक्रीटमध्ये गाडलेला किंवा बेस प्लेटला अँकर बोल्टने आवळलेला, आडव्या पट्ट्या खांबांना पक्क्या जोडलेल्या, आणि पत्रा त्या पट्ट्यांना जे-बोल्ट किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने धरलेला. यातला एक सांधा कच्चा राहिला तरी बाकीचा खर्च पाण्यात. कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ मारून घ्या. मजुरी वाचवायला नेमके तिथलेच गाळले जातात. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावं, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. वायसरचं रबर किंचित दबेल इतपतच आवळा. ते बाहेर फुगलं तर लवकर चिरतं, आणि मग गळतीचं खापर पत्र्यावर फुटतं.

“वादळात दार उघडं ठेवा, वारा आरपार जातो,” हा सल्ला तर धोक्याचाच आहे. एकाच बाजूला दार असेल, तर वारा आत कोंडतो आणि छपराला खालून रेटतो. वर सांगितलेल्या मानकात आतल्या दाबाचा गुणांक बंद इमारतीला 0.2, तर मोठी उघडी जागा असेल तर 0.7 धरलाय. दार लावून कडी घाला.

गॅल्वनाइझ्ड पत्रा गंजत नाही, हेही खरं नाही. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथून सुरू होतो. सांध्यांना झिंक प्रायमर लगेच लावा.

बंद शेडमध्ये ओल धरत नाही, असं नाही. रात्री पत्रा थंड झाला की आतल्या बाजूला दव जमतं. समोरासमोर, वरच्या अंगाला झरोके हवेत.

जुना सिमेंटचा पत्रा थंड राहतो म्हणून परत वापरतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंशय ठरवलंय. तो कापू नका, त्याला भोकं पाडू नका.

आणि ‘तात्पुरती’ म्हटल्याने परवानगीतून सुटका होत नाही. खड्डे खणण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारून घ्या.