कृमीने किती नेले?

सप्टेंबर २०११. व्हुएल्टा ही स्पेनमधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत संपली, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अंतर होते अवघे १३ सेकंदांचे. जवळजवळ ८५ तास सायकल चालवल्यानंतरचे १३ सेकंद! दुसरा आलेला ख्रिस फ्रूम या शर्यतीत स्वतः जिंकायला उतरलाच नव्हता. संघनायक ब्रॅडली विगिन्सला वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून पुढे राहायचे, चढावर त्याची सोबत करायची, हे त्याचे काम. नैरोबीत जन्मलेल्या या २६ वर्षांच्या सायकलपटूच्या नावावर तोवर मोठे यश नव्हते. पुढच्या काही वर्षांत मात्र त्याने २०१३, २०१५, २०१६ आणि २०१७ अशी चार वेळा टूर द फ्रान्स जिंकली. हा पालट कशाने झाला? त्याने आणि त्याच्या संघाने एक कारण पुढे केले. २०१० च्या अखेरीस त्याला बिलहार्झिया या परजीवी आजाराचे निदान झाले होते. उपचारांनंतर आजवर दबून राहिलेली ताकद दिसू लागली. सायकलप्रेमींपैकी अनेकांना हे पटले नाही. २०१५ च्या टूरमध्ये तर रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने आपल्या अंगावर लघवी फेकली, असे फ्रूमने सांगितले.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हा आजार एखाद्या खेळाडूची कामगिरी खरोखर इतकी खाली आणू शकतो का, हा पहिला. त्यानंतरचे यश निर्भेळ होते का, हा दुसरा. पाठीराख्यांनी पहिल्याचे उत्तर ‘हो’ म्हणून दुसराही निकालात काढला; संशय घेणाऱ्यांनी दुसऱ्याबद्दल शंका आली म्हणून पहिलाही थोतांड ठरवला. दोघांचीही वाट चुकली, असे मला वाटते. आजार बरा झाल्यावर हरवलेले परत मिळू शकते. मुळात नव्हते ते मिळत नाही. म्हणून तपासायचे ते एवढेच, की कृमीने किती नेले असू शकते, आणि फ्रूमला पुढे जे मिळाले ते त्याच्याकडे आधीपासून होते का.

आधी कृमी पाहू. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ मध्ये कैरोत एका मृतदेहाच्या शिरांमध्ये हा चपटा कृमी सापडला आणि आजाराला त्याचे नाव मिळाले. शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस. रुग्णाच्या मलमूत्रातून अंडी गोड्या पाण्यात जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या ठरावीक जातीच्या गोगलगायींत शिरतात, तिथे त्यांची संख्या वाढते आणि शेपटीवाल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात. त्या पाण्यात पोहणाऱ्या, कपडे धुणाऱ्या माणसाच्या अखंड कातडीतून त्या काही मिनिटांत आत शिरतात. त्यासाठी जखम असावी लागत नाही, दूषित पाणी प्यावेही लागत नाही. फुप्फुसांतून यकृताकडच्या शिरांपर्यंत पोहोचून त्या मोठ्या होतात. नराच्या अंगावरच्या खोबणीत मादी राहते आणि ही जोडी वर्षानुवर्षे रक्तात अंडी घालत बसते. मादी जातीनुसार दिवसाला शेकडो ते हजारो अंडी घालते. खरा घात करतात ती ही अंडी. त्यांतली बरीचशी बाहेर न पडता यकृत, आतडे किंवा मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याभोवती पेशींच्या गाठी बांधते आणि दाह धुमसत राहतो. रोगाला महाराष्ट्र अगदीच परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात या रोगाचे स्थानिक रुग्ण असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये नोंदवले होते. पण त्याचे खरे घर आफ्रिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक उपचारांची गरज होती आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक आफ्रिकेत होते. केनियात वाढलेल्या मुलाला हा संसर्ग व्हावा, यात नवल काहीच नाही.

या दीर्घ दाहाचा ताकदीशी संबंध रक्तातून येतो. आतडे किंवा मूत्राशयातून थोडे थोडे रक्त जात राहते, कृमी स्वतः तांबड्या पेशी फस्त करतात, आणि दाहामुळे शरीर आपल्याकडचे लोह अडवून धरते. तिन्हींचा परिणाम एकच, हिमोग्लोबिन कमी होते. तासन्‌तास चालणाऱ्या खेळात स्नायूंपर्यंत ऑक्सिजन किती पोहोचतो यावर जवळजवळ सारे अवलंबून असते, आणि तो वाहून नेतात त्या याच तांबड्या पेशी. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. केनियातल्या शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. शिस्टोसोमा आणि अंकुशकृमी यांचा संसर्ग असलेल्या मुलांना औषध दिल्यावर काही आठवड्यांत पायरी चढउताराच्या चाचणीतली त्यांची क्षमता वाढली, भूकही वाढली. त्या मुलांचा संसर्ग आणि त्यांचे कुपोषण एका व्यावसायिक खेळाडूपेक्षा कितीतरी गंभीर असणार, हा आक्षेप रास्त आहे. पण शर्यतीच्या त्या पातळीवर फरक किती सूक्ष्म असतो हेही पाहावे. ८५ तासांत १३ सेकंद म्हणजे एक टक्काही नव्हे, टक्क्याचा दोनशेवा हिस्सासुद्धा नव्हे. हिमोग्लोबिनमधली जी किरकोळ घट कारकुनी करणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, ती अशा शर्यतीत माणसाला पहिल्या दहांतून पन्नासाव्या जागी नेऊ शकते.

औषधाच्या कारभारावरही शंका घेतली गेली. प्राझिक्वांटेल हे औषध साधारणपणे एका दिवसात देऊन संपते, मग फ्रूमवर पुन्हा पुन्हा उपचार का, असा प्रश्न विचारला गेला. याचे उत्तर औषधाच्या गुणधर्मातच आहे. प्राझिक्वांटेल प्रौढ कृमींना मारते; शरीरात नुकत्याच शिरलेल्या, वाढत्या कृमींवर ते फारसे चालत नाही. ते वाचलेले कृमी काही आठवड्यांत प्रौढ होतात आणि अंडी घालू लागतात. शिवाय आधीच ऊतींत अडकलेली अंडी औषधाने नाहीशी होत नाहीत. त्यांच्याभोवतीचा दाह ओसरायला अवधी लागतो. बाधित पाण्यात पुन्हा उतरले तर संसर्गही पुन्हा होतो. त्यामुळे वारंवार तपासणी आणि वारंवार उपचार यांत संशयास्पद काही नाही. या रोगात ते नित्याचेच आहे.

इथवर आजाराची बाजू भक्कम दिसते. पण आजार नुकसान करू शकतो, एवढ्यावरून त्याने या माणसाचे तेवढेच नुकसान केले असे सिद्ध होत नाही. त्यासाठी मोजमाप हवे, आणि फ्रूमच्या बाबतीत ते आहे. २००७ मध्ये, म्हणजे मोठ्या संघांत जाण्याआधी, स्वित्झर्लंडमध्ये त्याची चाचणी झाली होती. २०१५ मध्ये, दुसरी टूर जिंकल्यानंतर, लंडनच्या एका प्रयोगशाळेत त्याने पुन्हा चाचणी दिली आणि दोन्हींचे आकडे जाहीर केले. २००७ मध्ये वजन ७५.६ किलो आणि ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता दर किलोमागे मिनिटाला ८०.२ मिलिलिटर; २०१५ मध्ये वजन ६९.९ किलो आणि क्षमता ८४.६. वजनाने गुणून पाहिले, तर दोन्ही वेळी एकूण ऑक्सिजन मिनिटाला सुमारे ६ लिटरच येतो. २००७ मध्ये किंचित जास्तच. दीर्घकाळ टिकवता येणारी ताकद तेव्हा ४२० वॅट, नंतर ४१९ वॅट. इंजिन तेच होते, गाडी हलकी झाली. शरीरातल्या चरबीचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आले. म्हणजे चरबी सुमारे पावणेतेरा किलोंवरून सात किलोंच्या आत. जवळजवळ सहा किलोंची ही घट आणि एकूण वजनातली घट सारखीच आहे; स्नायू, हाडे यांचे वजन ६३ किलोंच्या आसपासच राहिले. सपाट रस्त्यावर वजनाचा फरक कमी जाणवतो, पण पिरनीज किंवा आल्प्सच्या चढावर दर किलोमागे किती वॅट मिळतात यावर शर्यत ठरते. तिथे हाच आकडा सुमारे साडेपाचवरून सहापर्यंत गेला.

हे आकडे पाठीराख्यांच्या कहाणीलाही धक्का देतात, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. वजन कमी होणे हे कृमी गेल्याचे फळ नव्हे. उपचारानंतर त्या केनियन मुलांची तर भूक वाढली होती. चरबी उतरली ती आहार आणि सराव यांमुळे, आणि त्याचे श्रेय औषधाला देता येत नाही. मग आजाराच्या वाट्याला काय उरते? २००७ मध्ये जी ताकद प्रयोगशाळेत दिसली, ती पुढची काही वर्षे रस्त्यावर सातत्याने का दिसली नाही, याचा एक भाग. एखाद्या ताज्यातवान्या सकाळी तासाभराच्या चाचणीत चांगला आकडा काढणे आणि तीन आठवडे रोज थकून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उभे राहणे, या दोन गोष्टी वेगळ्या. धुमसता दाह आणि लोहाची अडवणूक शरीराची हीच झीज भरून काढण्याची शक्ती खातात. संसर्ग २००७ नंतरचा असेल तर ताकद आधी होती आणि मग दबली. संसर्ग त्याआधीचा असेल तर एका दिवसाच्या चाचणीत तो आड आला नाही, पण सलग शर्यतीत आला. दोन्ही शक्यता एकच सांगतात: बरे होऊन फ्रूमला नवी ताकद मिळाली नाही, असलेली ताकद वापरता आली.

संशयवाद्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा अजून बाकी आहे. लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये कर्करोग झाला, तो बरा झाला, आणि १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर त्याने जिंकल्या. आजारावर मात करणाऱ्या माणसावर संशय घेणे लोकांना निष्ठुरपणाचे वाटे. शेवटी २०१२ मध्ये उत्तेजकांच्या वापरामुळे ही सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ज्यांचे तोंड असे दुधाने पोळले, त्यांनी फ्रूमचे ताक फुंकून प्यावे, यात त्यांचा दोष नाही. टीम स्काय या फ्रूमच्या संघानेही संशयाला जागा दिली. खेळाडूंना दिलेल्या औषधांच्या बाबतीत या संघाने नैतिक रेषा ओलांडली, असा ठपका ब्रिटिश संसदेच्या समितीने मार्च २०१८ च्या अहवालात ठेवला, आणि संघाने तो नाकारला. खुद्द फ्रूमच्या २०१७ च्या व्हुएल्टातल्या लघवीच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल हे दम्याचे औषध ठरलेल्या मर्यादेच्या दुप्पट आढळले. जुलै २०१८ मध्ये जागतिक सायकलिंग महासंघाने नियमभंग नसल्याचा निर्णय देऊन प्रकरण बंद केले. तरी अनेकांचे समाधान झाले नाही.

परंतु ‘आर्मस्ट्राँग खोटा होता, म्हणून फ्रूमही खोटा’ हे अनुमान विज्ञानात टिकत नाही. त्या प्रकरणातून घ्यायचा धडा वेगळा आहे: आजाराची कहाणी कोणाच्याही बाजूचा पुरावा मानू नये. पुरावा शोधायची जागा रक्त आहे. २००८ पासून अव्वल व्यावसायिक सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी ‘जैविक पासपोर्ट’मध्ये वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. रक्तक्षय असला की हिमोग्लोबिन घटते. बाहेरून रक्त चढवले किंवा ते वाढवणारे औषध घेऊन थांबवले, की हिमोग्लोबिन चढते आणि नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण घसरते. रक्त काढून साठवल्यावरचे दिवस मात्र रक्तक्षयासारखेच दिसू शकतात. म्हणून ‘रक्तातले चढउतार कृमीमुळे’ हे कोणी सांगितले म्हणून मानायचे नसते आणि नाकारायचेही नसते. नोंदींची पूर्ण मालिका कोणत्या दिशेला जाते ते पाहायचे असते. याचा उत्तम दाखला २०११ च्या त्याच शर्यतीने दिला. १३ सेकंदांनी जिंकलेला हुआन होसे कोबो याच्या पासपोर्टमधील नोंदी विसंगत ठरल्या, २०१९ मध्ये त्याचे विजेतेपद रद्द झाले आणि ते फ्रूमला मिळाले. आठ वर्षे बोटे दुसऱ्या क्रमांकाकडे दाखवली जात होती; दोषी ठरला तो पहिला. यावरून फ्रूम निर्दोष ठरत नाही, पण एवढे कळते की कोणाकडे पाहून काय वाटते यावर चाललेला संशय चुकीच्या माणसाला धरू शकतो.

म्हणून शंका घ्यावी, पण तिला उत्तर मिळू शकेल अशा शब्दांत घ्यावी. ‘कृमी गेला म्हणून टूर जिंकली’ हे विधान अपुरे आहे. ‘कृमी हे पांघरूण आहे’ हे विधान सिद्ध झालेले नाही. २००७ ची ताकद, सहा किलो चरबी आणि वर्षांमागून वर्षे नोंदवलेले रक्त, या तिन्हींवर आधारलेला प्रश्न मात्र सोडवता येतो. जून २०१९ मधील भीषण अपघातानंतर फ्रूम पुन्हा सायकलवर बसला, पण पूर्वीच्या जागी पोहोचला नाही. बरे होणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे त्याच्याच कारकिर्दीने दाखवून दिले.

या वादात एक गोष्ट सतत मागे पडते. कृमीने किती नेले हा प्रश्न आपण फ्रूमबद्दल विचारू शकतो, कारण त्याचे वॅट, त्याचा श्वास, त्याची चरबी, सारे कोणीतरी मोजून ठेवले. आफ्रिकेतल्या तळ्याकाठी राहणाऱ्या, पाणी भरता भरता हाच कृमी अंगात घेणाऱ्या कोट्यवधी मुलांपैकी बहुतेकांचा असा एकही आकडा कुठे नोंदलेला नाही. वर्गात पेंगणारे मूल आळशी ठरते, लवकर दमणारे अशक्त ठरते, आणि त्याचा आजार कुणाच्या मनात येत नाही. एका विजेत्याच्या थकव्याचा पुरावा आपण दहा-दहा वर्षे मागत राहिलो. त्या मुलांच्या थकव्यावर पुरावा न मागता विश्वास ठेवता येईल इतके ज्ञान आज आपल्यापाशी आहे, आणि एका दिवसात देता येणारे औषधही आहे.