नळ, मीटर आणि केबल

जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडी, श्यामनगर, प्रतापनगर या भागातल्या जुन्या बैठ्या चाळींत फिरलं की जवळजवळ प्रत्येक खोलीत बाहेरून तीन गोष्टी शिरलेल्या दिसतात. पाण्याचा पाइप, विजेची वायर आणि केबल. पाणी महापालिकेचं. ते कमी दाबाने आलं तर विभाग कार्यालयात जाऊन भांडता येतं. वीज खासगी कंपनीची, पण तिचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. मीटर नादुरुस्त झालं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपालही आहे. केबलचं तसं नाही. ती ज्याचा ‘एरिया’ त्याची. चित्र गेलं की केबलवाल्याला फोन लावायचा आणि त्याचा माणूस शिडी घेऊन येईपर्यंत वाट बघायची.

दूरचित्रवाणी ही पाणी आणि विजेसारखी सार्वजनिक सेवा मानावी का, हा प्रश्न मी या तीन गोष्टींपासून सुरू करतो, कारण एरवी तो लगेच करमणुकीकडे घसरतो. ‘मालिका बघणं ही काय गरज आहे?’ असं कुणीतरी म्हणतं आणि बोलणं संपतं. वीज देणारी कंपनी मात्र त्या विजेवर पोळ्यांचं पीठ मळलं जातं की पत्त्यांच्या डावावर दिवा जळतो, हे विचारत नाही. एखादी सेवा सार्वजनिक ठरते ती तिच्यासोबत येणाऱ्या बंधनांमुळे: जो मागेल त्याला द्यायची, दर जाहीर ठेवायचा, बंद पडली तर ठरल्या वेळेत सुरू करायची, आणि तक्रारीला दाद मिळेल अशी जागा ठेवायची. ही चार बंधनं केबलच्या वायरीवर असावीत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वायरीतून येणाऱ्या चित्रावर मात्र सरकारचा हात नसावा, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. हे दोन्ही एकत्र सांभाळणं अवघड आहे, अशक्य नाही.

आपल्याकडे दूरचित्रवाणीची सुरुवातच सार्वजनिक सेवा म्हणून झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना लावला की वरळीहून निघालेलं चित्र वाड्याच्या दिवाणखान्यात आणि चाळीच्या खोलीत सारखंच यायचं. पोस्टात जाऊन टीव्हीचं लायसन काढावं लागे, एवढाच सरकारी सोपस्कार. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होतं. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर नुसते प्रेक्षक जमवले नाहीत, गावोगाव ज्ञानदीप मंडळं उभी केली. टीव्ही बघून लोकांनी एकत्र यावं आणि काहीतरी करावं, ही कल्पना त्या काळी कुणाला भाबडी वाटत नव्हती. या सेवेला एकच मोठं दुखणं होतं, ते म्हणजे तिचा मालक. बातम्या सरकारला हव्या तशाच येत. आणीबाणीत या पडद्याचा कसा वापर झाला, हे त्या पिढीने पाहिलं आहे.

मग १९९१ साली आखाती युद्धाची दृश्यं उपग्रहावरून थेट येऊ लागली आणि गल्लीगल्लीत केबल पसरली. ऑक्टोबर १९९२मध्ये झी सुरू झालं. मोठ्या छत्र्या इमारतींच्या गच्चीवर चढल्या आणि तिथून काळ्या वायरी झाडांवरून, खांबांवरून, एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर गेल्या. यामागे ना नगररचना होती, ना सरकारी खर्च. उपनगरांतल्या बेकार पोरांनी, व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्यांनी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी हे जाळं विणलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. १९९५चा केबल टीव्ही कायदा नंतर आला. त्यात केबलचालकाने नोंदणी करायची होती ती कुठे, तर मुख्य पोस्ट ऑफिसात. कोणती गल्ली कुणाची हे मात्र पोस्टाने ठरवलं नाही. ते आपापसांत ठरलं, कधी समजुतीने, कधी दमदाटीने.

या जाळ्याची एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. वायर लांब गेली की सिग्नल क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायरची पेटी लावतात. पेटीला वीज लागते. ती बहुधा गल्लीतल्याच एखाद्या घरातून घेतलेली असते, आणि बदल्यात त्या घराला केबल फुकट. त्या घरातले लोक मेन स्विच बंद करून गावाला गेले, की पुढच्या सगळ्या खोल्यांमधलं चित्र जातं. गल्लीतल्या लोकांना हे पाठ असतं, ‘अमक्यांकडे लाइट आहे का बघा आधी,’ असं ते म्हणतात. हजारो घरांची सेवा अशा खासगी मेहेरबानीवर उभी आहे आणि कोणत्याही कागदावर तिची नोंद नाही.

सरकारने या सेवेकडे कसं पाहिलं ते करावरून कळतं. महाराष्ट्रात केबलच्या जोडणीवर करमणूक कर होता. महापालिका क्षेत्रात दरमहा ४५ रुपये, आणि तो गोळा करणारी यंत्रणा जिल्हाधिकारी कार्यालयाची. सिनेमाचं तिकीट आणि घरातली जोडणी एकाच खात्यात. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा हा कर त्यात विरला, पण केबलच्या बिलावर १८ टक्के लागू झाले. नळाच्या पाण्यावर जीएसटी नाही.

हेच सरकार मार्च २०२०मध्ये वेगळं बोललं. टाळेबंदीत काय चालू राहील याची केंद्रीय गृहमंत्रालयाने यादी काढली, त्यात दूरसंचार आणि इंटरनेटबरोबर प्रक्षेपण आणि केबल सेवेचं नाव होतं. सगळी मुंबई घरात असताना केबलचा तंत्रज्ञ रस्त्यावर फिरू शकत होता, कारण त्याचं काम अत्यावश्यक ठरलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ती मालिका. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जायचा, तिथे शाळा टीव्हीतून आली. दहा बाय बाराच्या खोलीत आजीच्या औषधांच्या डब्याशेजारी वही मांडून बसलेली मुलं ज्यांनी पाहिली, त्यांना टीव्ही ही चैन आहे हे पटवणं कठीण जाईल. संकट आलं की अत्यावश्यक आणि संकट टळलं की करमणूक, हा न्याय बरोबर नाही.

दराची कहाणी आणखी बोलकी आहे. जानेवारी २००४मध्ये केंद्राने प्रक्षेपण आणि केबल ही सेवा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, अखत्यारीत आणली आणि ट्रायने लगोलग दर गोठवले. नियामक नेमला, दर बांधले, म्हणजे अर्धी वाट तेव्हाच चालून झाली होती. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्री ॲनालॉग केबल बंद झाली आणि प्रत्येक टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आला. तो कुणी फुकट दिला नाही, पैसे ग्राहकांनीच मोजले. फेब्रुवारी २०१९मध्ये नवी रचना लागू झाली: शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. या १३० रुपयांना नाव दिलं ‘नेटवर्क कपॅसिटी फी’. माझ्या मते हा भारतातल्या टीव्ही नियमनातला सर्वांत शहाणा विचार होता, कारण त्याने पहिल्यांदा वायरीचे पैसे आणि चित्राचे पैसे वेगळे केले. वायरीवर कमाल मर्यादा घातली, चित्राचा भाव वाहिनीने लावावा. नंतर त्याच पैशांत दोनशे वाहिन्या द्यायचं ठरलं. प्रक्षेपक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२१मध्ये न्यायालयाने ट्रायची चौकट बहुतांशी उचलून धरली. आणि जुलै २०२४मध्ये ट्रायनेच वायरीवरची कमाल मर्यादा काढून टाकली. बाजारात स्पर्धा आहे, हे त्यामागचं म्हणणं.

स्पर्धा आहे खरी, पण कुणासाठी? लोखंडवालातल्या टॉवरमध्ये केबल, डीटीएच, दोन-तीन फायबर कंपन्या आणि ओटीटी, सगळं हात जोडून उभं आहे. लिंक रोडलगतच्या दाट वस्तीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातल्या एखाद्या एसआरए इमारतीत चित्र वेगळं. डक्टमध्ये ज्याची वायर आधी गेली त्याची इमारत. डीटीएच घ्यायचं तर छत्री लावायला जागा हवी. दूरदर्शनचं फ्री डिश दरमहा एक पैसा घेत नाही. २००४च्या डिसेंबरमध्ये ते सुरू झालं, आणि गरिबाच्या घरी टीव्ही पोहोचवण्याचं एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्याच सरकारी योजनेने केलेलं नाही. पण त्याचा उपग्रह मुंबईतून आग्नेयेला दिसतो. ज्याची खोली तळमजल्यावर, तोंड पश्चिमेला आणि वर दुसऱ्याचा पोटमाळा, त्याने छत्री कुठे ठोकायची? फुकट सेवा डोक्यावरून जाते आणि खोलीत उतरत नाही.

क्रिकेटचंही असंच झालं. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केलं. काही चित्रांवर सगळ्यांचा हक्क आहे, हे संसदेने त्यातून मान्य केलं. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: दूरदर्शनने हा सिग्नल आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवावा, खासगी केबलमार्फत नव्हे. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल बरोबर असेल. त्याचा परिणाम मात्र असा, की छत्री लावायला जागा नसलेला केबलचा ग्राहक तोच सामना बघायला पैसे मोजतो. कायदा दुरुस्त करायची जबाबदारी संसदेची होती.

आता चित्राकडे. सार्वजनिक सेवा म्हटलं की सरकारी ताबा येईल, ही भीती खोटी नाही. तामिळनाडूत सरकारी अरसू केबलने २०११मध्ये महिना ७० रुपयांत जोडणी द्यायला सुरुवात केली. राज्य सरकारने केबल सार्वजनिक सेवा म्हणून चालवण्याचा तो मोठा प्रयोग. स्वस्ताई खरी होती. पण राज्यकर्त्यांना न आवडणाऱ्या वाहिन्या मागे ढकलल्या जातात हा आरोपही तिला चिकटला, आणि राज्य सरकारांनी वितरणात उतरू नये अशीच शिफारस ट्रायने केली होती. अमेरिकेने १९८४च्या कायद्यात उलट टोक गाठलं: केबलला सार्वजनिक उपयोगितेसारखं नियमन लावायचंच नाही, असं लिहून टाकलं.

या दोन टोकांमधली वाट एका मराठी न्यायमूर्तींनी दाखवली आहे. फेब्रुवारी १९९५मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या मालकीच्या नाहीत आणि पैसेवाल्याच्याही नाहीत. त्यांचं नियमन स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने करावं, आणि प्रेक्षकाला नाना तऱ्हेची मतं ऐकायला मिळावीत. त्याआधी १९८८मध्ये लोकविज्ञान संघटनेने ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून ती थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली होती. संघटनेच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही मालिका दाखवण्याचा हक्क अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते योग्यच होतं. चांगल्या हेतूने का होईना, चित्र थांबवायची किल्ली एकदा कुणाच्या हाती दिली की ती पुढे कुणाच्या हाती जाईल याचा भरवसा नसतो.

वायरीचं नियमन करताना चित्राला हात लावण्याची गरजच पडत नाही. पाण्याचंच बघा. डिसेंबर २०१४मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडं अनधिकृत असलं तरी पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. टीव्हीला मी पाण्याच्या पंक्तीला बसवत नाही. पण राहत्या जागेच्या कागदपत्रांपासून सेवा वेगळी काढता येते, हे तत्त्व तिथे सिद्ध झालं. विजेच्या २००३च्या कायद्यातही जागेचा मालक असो की नुसता राहणारा, त्याने मागितलं की जोडणी द्यावीच लागते.

सगळ्यात सोपं काम तक्रारीचं आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, पण दीडशे-दोनशे रुपयांच्या भांडणासाठी कोण तारखा घेणार? विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मात्र २००२ साली स्थायी लोक अदालतीची तरतूद आली. तिथे फक्त ‘सार्वजनिक उपयोगिता सेवां’ची प्रकरणं जातात. कलम २२-अ मध्ये त्यांची यादी आहे: वाहतूक, टपाल, तार, टेलिफोन, वीज, पाणी, सफाई, दवाखाने, विमा. अर्ज साधा असतो, कोर्ट फी लागत नाही. आधी तडजोड घडवून आणायचा प्रयत्न होतो आणि ती फिसकटली तर अदालत स्वतः निकाल देते. आज कुणी पाठवत नसलेली तार या यादीत आहे, विमा आहे, आणि रोज संध्याकाळी घरोघरी चालणारी केबल नाही. यादीत भर घालायचा अधिकार त्याच कलमाने केंद्राला आणि राज्य सरकारलाही दिला आहे. एक अधिसूचना पुरे.

ती काढताना ‘केबल टीव्ही’ एवढंच लिहून चालणार नाही. जोगेश्वरीतल्या गल्ल्यांत आता काळ्या जाड वायरीच्या जागी बारीक फायबर येते आहे. तीच घरात टीव्ही देते, तीच इंटरनेट, आणि महिन्याच्या शेवटी पैसे मागायला माणूसही तोच येतो. घरापर्यंत येणारी वायर, मग तिच्यातून काहीही येवो, असं त्या अधिसूचनेत लिहावं लागेल.