संसदेतील वेळ आणि सीमेवरचे गाव

गोंधळामुळे सभागृह तहकूब झाले, हे वाक्य वृत्तपत्रांत इतक्या वेळा छापले गेले आहे की वाचकाची नजर त्यावर आता थांबत नाही. हे पुढारी तेथे जाऊन नुसता वेळ दवडतात, असा निर्वाळा मात्र चावडीपासून चहाच्या दुकानापर्यंत सर्वत्र दिला जातो. निर्वाळा सोपा आहे आणि अगदीच निराधारही नाही. परंतु वेळ दवडला जातो तो कोणाचा, हे पाहावयाचे झाल्यास दिल्लीपेक्षा बिदर जिल्ह्यातील मंठाळसारख्या गावाकडे पाहणे अधिक उपयोगी पडेल.

मंठाळ हे बसवकल्याण तालुक्यातील गाव. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तेव्हा बिदर जिल्ह्याचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. या पट्ट्यात कित्येक घरांची भाषा मराठी, कचेरीची भाषा कन्नड आणि जुन्या दप्तरांची उर्दू. राजधानी बंगळूर सहाशे किलोमीटरांहून दूर, आणि दिल्ली त्याच्या दुपटीहून लांब. मंत्र्याच्या दिवाणखान्यात बसून काम करवून घेणे मोठ्या शहरातील व्यापाऱ्यास जमते. येथील शेतकऱ्यास ते जमणारे नाही. त्याने निवडून दिलेला सभासद सभागृहात जे काही मिनिटे बोलेल, तेवढीच त्याची राजदरबारी हजेरी.

योगायोग असा की, याच तालुक्यातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभवमंटप भरत असे. अल्लमप्रभू त्याचे अध्यक्षपद भूषवीत, आणि निरनिराळ्या जातींचे व व्यवसायांचे स्त्रीपुरुष तेथे वाद-संवाद करीत अशी परंपरा सांगते. त्यास पहिली संसद म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे म्हणणे अलंकारिक आहे, कारण तेथे कर बसत नव्हते की कायदे होत नव्हते. पण बोलणाऱ्यास उत्तर मिळत असे, आणि आजच्या सभागृहांत नेमकी तीच गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे.

पहिली लोकसभा १९५२ ते १९५७ या काळात ६७७ दिवस बसली. सतराव्या लोकसभेने, २०१९ ते २०२४ या काळात, २७४ बैठका केल्या; मुदत पुरी करणाऱ्या कोणत्याही लोकसभेचा हा सर्वांत लहान आकडा होय. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये, एवढेच घटनेचे बंधन आहे. किती दिवस बसावे हे तिने सांगितलेले नाही. २३ मार्च २०२३ रोजी तर सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या मागण्या लोकसभेने चर्चेवाचून संमत केल्या. ठरलेल्या वेळी उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकण्याच्या या रीतीस गिलोटिन म्हणतात. सत्ताधारी पक्ष विरोधकांच्या आरड्याओरड्याकडे बोट दाखवितो, विरोधक म्हणतात की चर्चेची मागणी नाकारली गेली म्हणून आम्ही ओरडलो. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असेल; मागण्या मात्र चर्चेवाचूनच संमत झाल्या.

येथे एक न्याय केला पाहिजे. रिकामे बाक म्हणजे आळशी सभासद, असे सरसकट म्हणता येत नाही. १९९३ पासून निरनिराळ्या खात्यांसाठी संसदेच्या स्थायी समित्या आहेत. एकेका समितीत लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा सभासद बसतात. तेथील काम बंद दाराआड चालते, छायाचित्रकार तेथे नसतात, आणि कदाचित म्हणूनच ते बरे चालते.

खरी कसोटी प्रश्नोत्तराच्या तासाची. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात. लेखी उत्तर कारकून लिहून देतो. तोंडी उत्तरानंतर मात्र पुरवणी प्रश्न येतो आणि मंत्र्यास स्वतःच्या माहितीवर उभे राहावे लागते. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंधडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम कशी गुंतविली, हे अशाच प्रश्नांतून बाहेर येऊ लागले. फिरोज गांधी यांनी ते डिसेंबरात सभागृहात धसास लावले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. ही गोष्ट घडली ती सत्ताधारी पक्षाच्याच एका सभासदाने कागदपत्रे वाचून काढली होती म्हणून.

शुक्रवारी दुपारचे अडीच तास खाजगी सभासदांचे असतात. त्यांची विधेयके बहुधा पडतात. १९७० नंतर त्यांतील एकही कायदा झालेले नाही. मग हे तास फुकट काय? राजापूरचे सभासद बॅरिस्टर नाथ पै यांचे उदाहरण याबाबत विचार करण्याजोगे आहे. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर मूलभूत हक्कांविषयी घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक त्यांनी १९६७ साली मांडले. त्यावर संयुक्त समिती बसली, वाद झाले, आणि लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक संमत व्हावयाचे राहून गेले. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै बेळगावी वारले. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली, ती त्याच प्रश्नावर. तिचे मोल काय यावर मतभेद राहतील, परंतु त्या शुक्रवारांचा हिशेब शून्य येत नाही.

आता सीमाप्रश्नाकडे वळू. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटक विधानसभेने बेळगावच्या अधिवेशनात सीमेविषयी एकमताने ठराव केला. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपूर येथे महाराष्ट्र विधिमंडळाने तितक्याच एकमताने उलट ठराव केला. त्यात ८६५ गावांबरोबर बिदर व भालकी यांचीही नावे होती. दोन्हीकडे भाषणे आवेशाची झाली. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेकडे आहे, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकभावना व्यक्त करणे हेही सभागृहाचे काम आहे, हे मान्य. तथापि त्या ठरावांनी बिदर जिल्ह्यातील एकाही मराठी शाळेत शिक्षक वाढला नाही.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करावी असे घटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. मराठी शाळांत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, पाठ्यपुस्तके कोणत्या महिन्यात पोचली, हे विचारण्याची जागा बंगळूरची विधानसभा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी ३५०-ब या अनुच्छेदान्वये नेमला जातो, आणि त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. ठेवणे निराळे, वाचणे निराळे; त्यावर चर्चा झालीच पाहिजे असे बंधन नाही. एखाद्या सभासदाने तो अहवाल वाचून दोन नेमके प्रश्न विचारले, तर त्या दहा मिनिटांत आवेशाच्या एका तासाहून अधिक काम होईल.

मंत्री उत्तरादाखल 'पाहतो', 'करू', 'माहिती मागविली आहे' असे म्हणतो. ते हवेत विरून जाऊ नये याची तजवीज लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात झाली. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ. १९५३ साली त्यांच्या कारकिर्दीत शासकीय आश्वासनांची समिती निघाली. दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे लागते, न केल्यास खात्याने कारण सांगून मुदत मागावी लागते. ज्या सभासदास आपल्याला मिळालेल्या आश्वासनाची तारीख आठवत नाही, त्याच्यासाठी ही समिती फारसे काही करू शकत नाही.

भाषेची अडचण पुष्कळदा पुढे केली जाते. हिंदी वा इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या सभासदास अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलता येते. साध्या नागरिकासही लोकसभेकडे अर्ज धाडता येतो. मंठाळच्या ग्रामस्थांनी तो मराठीत लिहिला तरी चालेल. सोबत हिंदी अथवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल, आणि सभागृहात सादर करणाऱ्या सभासदाची त्यावर सही लागेल.