पगार त्याचा, हिशोब आमचा!

टोरांटोचा हॉकी फॅन गोल मोजतो त्याहून जास्त वेळ खेळाडूंचे पगार मोजतो. तिथल्या प्रत्येक टीमच्या तिजोरीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडेच नाही. हा काय प्रकार आहे, आणि त्याचा तुमच्या-आमच्या पहिल्या पगाराशी काय संबंध?

१९ मे २०२५, सोमवार. सकाळचे आठही वाजले नव्हते आणि माझा फोन थांबायचं नाव घेत नव्हता. मिसिसागाला राहणारा माझा मावसभाऊ, आमचा दादा, मेसेजवर मेसेज टाकत होता. ‘संपलं.’ ‘६-१.’ ‘तेही घरच्या मैदानात.’

त्याची लाडकी टीम, टोरांटो मेपल लीफ्स, फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना हरली होती. आता हा रडणार, असं समजून मी सांत्वनाची तयारी करत होते. तर पुढचा मेसेज आला : ‘आता मार्नरला जाऊ दे. १ कोटी ९ लाख डॉलर मोकळे होतील. त्यात दोन चांगले डिफेन्समन येतात.’

मला वाटलं, ऑफिसमधल्या कुणाचं तरी अप्रेझल चाललंय!

तर मंडळी, ही ती ध्यानचंद यांची हॉकी नाही. ही बर्फावरची हॉकी, आणि ही उत्तर अमेरिकेतली ३२ टीमची लीग, एनएचएल. कॅनडात तिचं स्थान साधारण आपल्याकडे क्रिकेटचं आहे तेच. आपण ‘रोहितने तो शॉट का मारला’ यावर भांडतो. ते ‘त्याला आठ वर्षांचा करार का दिला’ यावर भांडतात.

मंडळाचं बजेट

सगळ्या भांडणाचं मूळ एका शब्दात आहे : सॅलरी कॅप. म्हणजे पगारावरची कमाल मर्यादा.

समजा, उद्या तुमच्या शहरात नियम आला की कुठल्याही गणपती मंडळाने पाच लाखांच्या वर खर्च करायचा नाही. वर्गणी पन्नास लाख जमू दे नाहीतर सहा लाख, खर्च पाचच. आता मूर्तीवरच अडीच लाख घातले, तर मांडव, रोषणाई, ढोल-ताशा, प्रसाद सगळं उरलेल्या अडीच लाखांत बसवायचं. मूर्ती देखणी होईल हो, पण मांडव गळला तर?

एनएचएलमध्ये हेच आहे. आणि हा नियम सुखासुखी आलेला नाही. श्रीमंत क्लब वाटेल तेवढे पैसे ओतायचे आणि छोट्या शहरांतल्या टीम मागे पडायच्या. मालकांना मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला नको होती. शेवटी मालकांनी टाळं लावलं आणि २००४-०५ चा पूर्ण सीझन रद्द झाला. मानाचा स्टॅनली कप त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. त्याआधी असं घडलं होतं १९१९ मध्ये, फ्लूच्या साथीमुळे. मग २००५ मध्ये तडजोड झाली आणि पहिली कॅप आली : ३ कोटी ९० लाख डॉलर. ही मर्यादा लीगच्या कमाईबरोबर वाढते आणि आजच्या करारानुसार कमाईचा निम्मा वाटा खेळाडूंचा असतो.

लीफ्स हा या लीगमधला अत्यंत श्रीमंत क्लब. कॅप नसती तर त्यांनी अर्धी लीग विकत घेतली असती. आता मात्र तिजोरी भरलेली आणि हात बांधलेले.

चौघांत अर्धी टीम

लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप जिंकला १९६७ मध्ये. दादाच्या ऑफिसमधले साठीचे गृहस्थसुद्धा तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागले असतील. त्यामुळे २०१८ मध्ये ३२ वर्षांच्या काइल डुबासच्या हाती जनरल मॅनेजरची सूत्रं आली, तेव्हा शहराला वाटलं, आता होणार!

१ जुलै २०१८ ला जॉन टवारेस आला. याच भागात वाढलेला. लहानपणी लीफ्सच्या चादरीत झोपलेला त्याचा फोटो तेव्हा घराघरांत पोचला. सात वर्षं, वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर. डिसेंबरमध्ये मुदत संपायला काही मिनिटं असताना विल्यम नीलँडरने सही केली, सरासरी ७० लाखांच्या आसपास. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्टन मॅथ्यूज, १ कोटी १६ लाख. सप्टेंबरमध्ये मिच मार्नर, १ कोटी ९ लाख.

आता बेरीज करा. चौघांचे मिळून चार कोटींच्या वर. त्या वर्षीची कॅप होती ८ कोटी १५ लाख. म्हणजे २३ जणांच्या टीममधल्या चौघांनीच जवळपास अर्धं ताट घेतलं. गोलकीपर, डिफेन्स, राखीव खेळाडू, सगळे उरलेल्या अर्ध्यात.

इथून टोरांटोत दोन पार्ट्या पडल्या, त्या आजही आहेत.

पहिली पार्टी म्हणते, डुबासचं गणित चुकलं नव्हतं, नशीब फिरलं. कॅप दरवर्षी वाढत होती. आज जड वाटणारा करार तीन वर्षांनी हलका वाटला असता. पण २०२० मध्ये करोना आला, स्टेडियम रिकामी पडली आणि कॅप तीन सीझन ८ कोटी १५ लाखांवरच अडकली.

दुसरी पार्टी म्हणते, करोना सगळ्यांनाच आला होता! आणि मग ते दोन नावं घेतात. पहिलं नाझेम काद्री. २०१९ मध्ये लीफ्सनी त्याला कोलोरॅडोला दिलं, २०२२ मध्ये तो तिथे स्टॅनली कप जिंकला. दुसरं झॅक हायमन. २०२१ मध्ये त्याला वर्षाला ५५ लाख देणं परवडेना, म्हणून तो एडमंटनला गेला आणि २०२३-२४ मध्ये त्याने ५४ गोल ठोकले. ‘चार मूर्ती ठेवायच्या म्हणून मांडवाचे बांबू विकले,’ असं दादा म्हणतो. (दादा या पार्टीतला, हे एव्हाना कळलंच असेल.)

निकाल काय? २०१७ ते २०२५ या काळात मॅथ्यूज, मार्नर आणि नीलँडर असलेल्या या टीमने बाद फेरीच्या फक्त दोन मालिका जिंकल्या. एक २०२३ मध्ये, एक २०२५ मध्ये. बस्स.

पळवाटाही आहेत

नियम आला की पळवाट आलीच. खेळाडू दीर्घकाळ जखमी असेल, तर त्याच्या पगाराइतकं कॅपच्या वर जायची मुभा टीमला मिळायची. आणि बाद फेरीत कॅप मोजलीच जायची नाही. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण साखळी फेरी बाहेर बसला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात परतला, तिथे सर्वाधिक गुण मिळवले आणि टीम कप जिंकली. जल्लोषात त्याच्या टी-शर्टवर लिहिलं होतं, कॅपच्या १ कोटी ८० लाख वर!

नियमात बसत होतं, पण इतर टीमच्या चाहत्यांचा तिळपापड झाला. अखेर २०२५-२६ पासून बाद फेरीतही कॅप लागू झाली.

हे चाहते नुसती तोंडाची वाफ दवडतात असं समजू नका. सगळ्या टीमचे करार आणि कॅपचा हिशोब मांडणारी ‘कॅपफ्रेंडली’ नावाची साइट हॉकीवेड्यांनीच उभी केली. हिशोब इतके चोख की खुद्द क्लबचे लोक ती उघडून बसायचे. २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने ती चक्क विकत घेतली आणि मग ती सगळ्यांसाठी बंद झाली.

*
चौकट : एवढं कळलं की भांडायला मोकळे!

कॅप हिट : कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं. त्या वर्षी हातात कितीही पैसे येवोत, मर्यादेत साधारण ही सरासरी धरतात.

बायआउट : नको झालेल्या खेळाडूला पैसे देऊन मोकळं करणं. पण त्याचं भूत पुढची काही वर्षं कॅपवर बसतं. मिनेसोटा वाइल्डने २०२१ मध्ये झॅक पारिझे आणि रायन सूटरला असं सोडलं. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये टीममध्ये नसलेल्या या दोघांपायी दरवर्षी सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलरची जागा अडली.

नो-मूव्ह कलम : खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या टीमला देता येत नाही. मार्नरच्या करारात ते होतं.
*

‘टीमसाठी कमी घे ना!’

आता खरा वादाचा मुद्दा. मार्नर टोरांटोजवळच्या मार्कहमचा. घरचा पोरगा. चाहत्यांचं म्हणणं, घरच्या टीमसाठी थोडे कमी घ्यायला काय झालं? उदाहरण तयार असतं, सिडनी क्रॉसबीचं. त्याच्या पाठीवर ८७ नंबर आणि २००८ पासून त्याची कॅप हिट ८७ लाख. २०२४ मध्ये नवा करार केला, तोही ८७ लाखांचाच.

२०२५ च्या शरद ऋतूत तर आठवड्याभरात दोन टोकं दिसली. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ७० लाखांवर सही केली, लीगच्या इतिहासातला विक्रम. पाठोपाठ एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने, ज्याला अनेक जण जगातला सर्वोत्तम मानतात, दोन वर्षांसाठी जुनाच आकडा कायम ठेवला : १ कोटी २५ लाख. एक लोभी आणि दुसरा त्यागी?

मी दादाला विचारलं, ‘तुला दुसऱ्या कंपनीने दीडपट पॅकेज दिलं, तर तू टीमसाठी म्हणून कमी पगारात थांबशील?’

‘अगं, ते वेगळं,’ तो म्हणाला.

खरंच वेगळं आहे, पण दादाला वाटतं त्या कारणाने नाही. तुम्ही-मी पगार कमी मागितला, तर वाचलेला पैसा कंपनीकडे जातो. कॅपला टेकेपर्यंत खर्च करणाऱ्या टीममध्ये मात्र तो शेजारच्या लॉकरवाल्याकडे जातो. म्हणजे आपण खेळाडूला सांगत असतो, तुझ्या खिशातून सोबत्याचा पगार दे. मॅकडेव्हिडने तेच केलं. मोठ्या मनाचं काम आहे. पण तो सोबती कोण असावा, हे खेळाडू ठरवत नाही. ते मॅनेजर ठरवतो. त्याने त्या पैशांत भलताच माणूस आणला, तर त्याग पाण्यात गेला की नाही?

म्हणून मला वाटतं, जाब विचारायचा तर वाटणी करणाऱ्याला विचारावा. मार्नरने पुढे केलेला कागद त्याने स्वतः छापला नव्हता. समोर कुणीतरी बसलं होतं, ज्याने हो म्हटलं.

तसं झालं नाही. त्या १८ मेच्या रात्रीनंतर (आपल्याकडची १९ मेची पहाट) मार्नरच्या घराचा पत्ता समाजमाध्यमांवर फिरला आणि घराबाहेर सुरक्षारक्षक ठेवावे लागले, असं त्यानेच पुढे सांगितलं. हिशोबाची चर्चा इथे संपते आणि गुंडगिरी सुरू होते. जुलै उजाडताना तो व्हेगासला गेला. आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख. तिथे राज्याचा आयकरही नाही. बदल्यात टोरांटोला मिळाला एकच खेळाडू, निकोलस रॉय. टवारेस मात्र थांबला, वर्षाला सुमारे ४४ लाखांवर. गंमत बघा, २०२५-२६ मध्ये कॅप एकदम ९ कोटी ५५ लाखांवर गेली. डुबास ज्या उडीची वाट बघत होता, ती आली तेव्हा डुबासही तिथे नव्हता आणि मार्नरही.

आपणही तेच करतो

हसू नका. आयपीएल २०२५ च्या लिलावात प्रत्येक टीमची पर्स होती १२० कोटी. त्यातले २७ कोटी लखनौने एकट्या ऋषभ पंतवर लावले आणि टीम सातवी आली. सीझनभर आपण त्याची एक धाव कितीला पडली, याचाच भागाकार करत बसलो होतो. आपल्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना गेला, त्यावरही चर्चा झाली. पण लिलावात आकडा खेळाडू मागत नाही, फ्रँचायझी लावते. शिव्या मात्र खेळाडूच्या नावे जमा होतात.

उद्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये तुम्ही समोर बसाल आणि कुणीतरी म्हणेल, ‘पैशांचं सोडा, आपली टीम बघा.’ तेव्हा मार्नर आठवा. आणि वाचलेला पैसा कुणाकडे जाणार, एवढं नक्की विचारा.

दादाकडे मार्नरची १६ नंबरची जर्सी अजून आहे. फेकली नाही, घालतही नाही. परवा फोनवर तो पुन्हा सुरू झाला होता : मॅथ्यूजचा करार २०२८ मध्ये संपतोय, तेव्हा कॅप ११ कोटींच्या वर असेल, मग त्याला किती द्यायचे? अर्धा तास ऐकल्यावर मी विचारलं, ‘बरं, पुढची मॅच कधी आहे?’

‘थांब,’ दादा म्हणाला, ‘बघून सांगतो.’