कडेपठारचा देव खाली का आला?

जेजुरीला जाऊन आलो म्हणणाऱ्या बहुतेकांनी अर्धीच जेजुरी पाहिलेली असते. पायथ्याच्या बाजारातून भंडाऱ्याची पिशवी घ्यायची, कमानींखालून पायऱ्या चढायच्या, येळकोट करत भंडारा उधळायचा आणि उन्हं तापायच्या आत पुण्याचा रस्ता धरायचा. आपण जिथे डोकं टेकवलं त्याच्याही वर, मागच्या डोंगरावर, खंडोबाचं जुनं ठाणं आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. त्याचं नाव कडेपठार.

पुण्याहून सासवडमार्गे जेजुरी साधारण पन्नास किलोमीटर. पुणे-मिरज लोहमार्गावर तिचं स्टेशनही आहे. कडेपठारची चढण मात्र दमवणारी. वाटेत सावली बेताची, दुकानं तुरळक आणि वाऱ्याला अडवणारं काही नाही. वर पोचलं की कऱ्हेचं खोरं पायाखाली पसरलेलं दिसतं आणि हे धनगरांचं दैवत का, ते न सांगता कळतं. पाऊस हात आखडता घेणारा हा मुलूख. इथे नांगराइतकाच मेंढराचाही आधार.

कथा अशी की एक भक्त नेमाने हा डोंगर चढून दर्शनाला येई. वय झालं, पाय थकले. आता माझ्याच्याने व्हायचं नाही, असं त्याने देवाला सांगून टाकलं. तेव्हा त्याच्यासाठी देवच खालच्या टेकडीवर उतरला. आज आपण जेजुरीगड म्हणतो ती ही टेकडी. सोय भक्ताची झाली, तशी गावाचीही. होळकरांचं हे कुलदैवत. मल्हारराव आणि पुढे तुकोजी यांच्या काळात अठराव्या शतकात इथे कोट, ओवऱ्या, दगडी बांधकामं उभी राहिली आणि मूळ ठाणं मागे पडलं.

गडाच्या पायऱ्यांना लोक नवलाख म्हणतात. प्रत्यक्षात त्या काही शेकडाच भरतात. पण पाठीवर पोर आणि हातात नारळ घेऊन चढणाऱ्या बाईला आकडा सांगायला जाऊ नये. नवं लग्न झालेलं जोडपं असेल तर नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढायच्या. मागून करवल्या मोजत असतात, त्यामुळे चौथ्या पायरीवर टेकवायची सोय नाही.

या पायऱ्या म्हणजे खंडोबाची सगळी कथा उभ्याने मांडलेली. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारायला शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं. मरताना मणीला उपरती झाली. त्याला देवाजवळ जागा मिळाली आणि बोकडाचा मानही. मल्लाबद्दल पाठ वेगवेगळे आहेत. एका पाठात त्याने आपलं नाव देवाच्या नावाला जोडून मागितलं, म्हणून देव मल्हारी झाला. दुसऱ्यात त्याचं शिर देवळाच्या पायरीशी पडलं आणि येणारा-जाणारा त्यावर पाय देऊन चढतो. हे युद्ध संपलं तो दिवस चंपाषष्ठीचा. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन बाजरीच्या रोडग्यासोबत देवाच्या ताटात परत येतं.

खरी रंगत पुढे आहे. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक, देवाची पहिली बायको. तिच्याशी सारीपाट खेळताना देव हरला आणि बारा वर्षं घर सोडून गेला. गेला तो थेट धनगराच्या वाड्यावर. तिथे बानूच्या बापाची मेंढरं राखली, मारली, पुन्हा जिवंत केली आणि बानूला बायको करून घरी आणली. मग भांडण जुंपलं, तसं कुठल्याही घरात जुंपलं असतं. त्याचा निवाडा आजही दगडात दिसतो: म्हाळसा गाभाऱ्यात देवाशेजारी आणि बानू, म्हणजे बाणाई, निम्म्या वाटेवर तिच्या वेगळ्या देवळात. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई भागवानीण ही उरलेली नावंही परंपरा घेते. गावगाड्यातल्या बऱ्याच जातींनी देवाशी असं सोयरं जोडून ठेवलं आहे. जावयाच्या घरी यायला कोणाची परवानगी लागते?

महात्मा फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त मात्र खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी ठरवलं. ज्याच्या घराण्याचं गाव खानवडी याच पुरंदर तालुक्यातलं, त्या माणसाने हे लिहावं, याचं मला नवल वाटत नाही.

वाघ्या-मुरळीशिवाय खंडोबाचं वर्णन पुरं होत नाही. कमरेला भंडाऱ्याची पिशवी, हातात घोळ नावाची घंटा. जागरणाच्या रात्री दिवटी पेटली की लग्नघरातली म्हातारी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. तरीही नवसापोटी पोरगी मुरळी म्हणून देवाला सोडण्याची चाल लोककला म्हणून गोंजारता येत नाही. २००५च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्यानुसार ती गुन्हा आहे, आणि तो कायदा फार उशिरा आला.

जायचं असेल तर दसऱ्याला जावं. त्या रात्री गडावरची पालखी निघते, कडेपठारचीही निघते आणि दोन्ही मधल्या रमण्यात भेटतात. वरचा देव आणि खालचा देव एकच, तरी भेट घडतेच. मशालींच्या उजेडात भंडारा इतका उधळतात की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. पालखी गडावर परतली की खंडा बाहेर येतो. ही देवाची तलवार बेचाळीस किलोची. कोणी ती हात लांब करून तोलतो, कोणी दातात धरून उचलतो. पंच घड्याळ बघत असतात आणि थरथरणाऱ्या मनगटाकडे सारा कोट टक लावून असतो.

एरवी गर्दी सोमवती अमावास्येला, पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते तेव्हा. भंडारा पारखूनच घ्यावा. हळदीच्या नावाखाली नुसता रंग माथी मारणारेही असतात आणि मग दिवसभर अंगाला खाज सुटते.

पौष पौर्णिमेला आलात तर पायथ्याशी गाढवांचा बाजार लागलेला असतो. वडार, बेलदार, कुंभार, वैदू अशी मंडळी लांबून येतात. गाढवाचा ओठ वर करून दात बघायचे आणि वय ठरवायचं: कोरा, दुवान, चौवान, अखंड. काठेवाडी गाढवाला भाव जास्त. सौदा तुटायला आला की दलाल मध्ये पडतो, दोन्ही बाजूंना मल्हारीची आण घालतो, आणि रक्कम थोडी खाली येते.