‘साउंड’ : एक उच्चार, चार कुळे

इंग्रजीतील ‘साउंड’ हा शब्द उच्चाराने एकावयवी, दिसायला साधा; पण मराठीत त्याचा अर्थ देताना एका शब्दाने भागत नाही. कानावर पडतो तो ध्वनी, दोन भूभागांमधील सामुद्रधुनी, निकोप प्रकृती किंवा निर्दोष युक्तिवाद, आणि पाण्याचा ठाव घेण्याची क्रिया, असे चार अर्थ त्यात एकत्र नांदतात. हे एकाच शब्दाचे चार अर्थ आहेत, की चार शब्दांना योगायोगाने एकच रूप मिळाले आहे, हा प्रश्न कोशकारापुढे प्रथमच उभा राहतो. पहिल्या पर्यायाला अनेकार्थता म्हणावयाचे, दुसऱ्याला समरूपता. याचा निर्णय केवळ अर्थाकडे पाहून करता येत नाही; त्यासाठी ध्वनींचा इतिहासच तपासावा लागतो.

ध्वनिवाचक ‘साउंड’ मुळात लॅटिन ‘सोनुस’ या शब्दापासून आलेला आहे. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचे रूप ‘सून’ असे होते; शेवटी ‘ड’ नव्हता. संस्कृतातील ‘स्वन’ हा याच मूळ धातूचा वंशज होय. मराठी भाषाशास्त्राने ‘स्वन’ आणि ‘स्वनिम’ या संज्ञा घडविल्या, तेव्हा त्याच कुळातील एक जुना शब्द नव्या कामाला लागला, असे म्हणता येईल.

सामुद्रधुनीवाचक शब्दाचा या कुळाशी काहीही संबंध नाही. प्राचीन इंग्रजीत ‘सुंद’ म्हणजे पोहणे, तसेच समुद्र. ‘स्विम’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. स्कँडिनेव्हियन भाषांत याच शब्दाला सामुद्रधुनी असा अर्थ आला. पोहून ओलांडता येईल इतके अरुंद पाणी, असा अर्थसंबंध येथे लावला जातो. डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधील ओरेसुंद हे त्याचे ठळक उदाहरण. तेथून जाणाऱ्या जहाजांवर डेन्मार्क पंधराव्या शतकापासून आकारीत असलेली जकात १८५७ मध्ये रद्द झाली. इंग्रजी इतिहासग्रंथांत ती ‘साउंड’ची जकात म्हणूनच ओळखली जाते.

निकोप या अर्थाचा शब्दही जर्मानिक आहे. जर्मन भाषेतील ‘गेझुंट’ हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीत त्याचा पूर्वप्रत्यय मध्ययुगात गळून पडला. निरोगी शरीर, न किडलेले लाकूड, गाढ झोप, बिनतोड युक्तिवाद हे सर्व अर्थ ‘ज्यात उणीव नाही ते’ या एका कल्पनेतून विस्तारलेले आहेत. अनेकार्थता म्हणतात ती ही.

हे शब्द एकरूप कसे झाले? प्राचीन इंग्रजीतील ऱ्हस्व ‘उ’ हा ‘न्ड’ या जोडध्वनीपूर्वी दीर्घ झाला, आणि ‘सुंद’चे ‘सूंड’ बनले. इकडे फ्रेंचमधून आलेल्या ‘सून’ला पंधराव्या शतकाच्या सुमारास शेवटी एक ‘ड’ चिकटला. ‘न’चा उच्चार संपण्यापूर्वी नाकाची वाट बंद झाली, की जीभ जागेवर असतानाच ‘ड’ ऐकू येतो. ‘कुटणे’ या अर्थाच्या ‘पाउंड’मधील ‘ड’ असाच आगंतुक आहे. ‘थंडर’मधील ‘ड’ मात्र ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये शिरलेला. बोलीत ‘वानर’चे ‘वांदर’ होते तशीच ही क्रिया. पुढे दीर्घ ‘ऊ’चा ‘आउ’ झाला, आणि तिन्ही शब्द एकाच उच्चाराला येऊन मिळाले.

चौथा शब्द अधिक अवघड आहे. शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजणे या अर्थाचे क्रियापद फ्रेंच ‘सोंदे’वरून आले. पण ते फ्रेंचमध्ये कोठून आले? एका मतानुसार लॅटिनमधील ‘खाली’ या अर्थाचा उपसर्ग आणि लाटवाचक ‘उंदा’ हा शब्द यांच्या संयोगातून. दुसऱ्या मतानुसार ते जर्मानिक ‘सुंद’पासूनच निघाले, प्राचीन इंग्रजीत खोली मोजण्याच्या काठीला व दोरीला ‘सुंद’घटित नावे होती, ही गोष्ट या मताला बळ देते. हे मत ग्राह्य धरल्यास चार कुळांची तीनच उरतात, आणि सामुद्रधुनी व ठाव ही एकाच घरची भावंडे ठरतात.

येथेच अभ्यासकाची खरी कसोटी लागते. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीच्या साहाय्याने समुद्राची खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१३ मध्ये मिळविले. ध्वनी तळावर आदळून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून खोली काढण्याची रीत नंतर सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे खोली मोजण्याला ‘साउंडिंग’ म्हणतात ते ‘ध्वनी’वरूनच, अशी समजूत आज सहज होते. वस्तुतः दोरी टाकणारे खलाशी हा शब्द त्यापूर्वी कित्येक शतके वापरीत होते. अर्थाचा इतका सुबक मेळ बसत असूनही ती व्युत्पत्ती खोटी आहे. कालक्रम तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

तथापि बोलणाऱ्याच्या मनात हे दोन शब्द आता एक झाले असतील, तर त्याच्या दृष्टीने ते एकच होत. भाषेचा इतिहास आणि भाषेची विद्यमान व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा सोस्यूर यांचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. ऐतिहासिक कोशाने नोंदी वेगळ्या ठेवाव्यात हे योग्यच. पण बोलणाऱ्यांनी त्या जोडल्या असतील, तर तेही नोंदवले पाहिजे. मराठीत मनाचा ‘ठाव’ घेतला जातो, इंग्रजीत त्याच कामासाठी माणसाला ‘साउंड’ केले जाते. हे साम्य शब्दांच्या नात्याचे नसून अनुभवाच्या सारखेपणाचे आहे. साम्य दिसताच नाते न जोडणे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा होय; आणि तो देण्यास हा एक लहानसा शब्द पुरेसा आहे.