संचालन प्रणालीचा जीर्णोद्धार आणि लेखनाचे रक्षण

संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे त्यातील लेखन नष्ट झाले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः संचालन प्रणाली आणि अभ्यासकाने साठविलेले लेखन ह्या एकाच तबकडीवर नांदणाऱ्या, तथापि भिन्न गोष्टी होत. पहिलीत बिघाड झाला तरी दुसरी शाबूत राहू शकते. पुष्कळदा लेखनाचा नाश होतो तो घाईने योजलेल्या उपायामुळे. म्हणून उपायांचा क्रम ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.

विंडोज ह्या प्रणालीपुरते पाहिल्यास सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जाणे इष्ट होय. 'सेफ मोड'मध्ये प्रणाली केवळ अत्यावश्यक घटकांनिशी सुरू होते व दोषी घटक काढून टाकता येतो. 'स्टार्टअप रिपेअर' प्रारंभास लागणाऱ्या फाइली दुरुस्त करू पाहते. २००० साली विंडोज एमईबरोबर आलेली 'सिस्टम रिस्टोर' ही सोय प्रणालीला पूर्वी नोंदविलेल्या स्थितीला नेते, लेखनाला हात लावीत नाही. मात्र ती पूर्वस्थिती आधीच नोंदलेली असावी लागते. ह्यांपैकी काहीच साधले नाही तर 'रीसेट' उरते. त्याच्या एका पर्यायात वैयक्तिक फाइली राखल्या जातात, दुसऱ्यात सर्व काही पुसले जाते.

सौम्य उपायाचे सामर्थ्य १९ जुलै २०२४ रोजी प्रत्ययास आले. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढताच संगणक पूर्ववत चालू होत असे. तथापि जेथे तबकडी 'बिटलॉकर'ने कुलूपबंद होती, तेथे बहुधा ४८ अंकी किल्लीवाचून आत प्रवेशच नव्हता.

भारतीय भाषांच्या अभ्यासकापुढे आणखी एक संकट असते. रीसेटमध्ये फाइली राखल्या, तरी बाहेरून बसविलेली सॉफ्टवेअर व फॉन्ट निघून जातात. युनिकोडपूर्व पद्धतीने टंकलिखित केलेल्या मजकुरात रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची रूपे बसविलेली असत. तो फॉन्ट गेला की, वर्षानुवर्षांच्या पाठचिकित्सेच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसू लागतो. संकेत तेच असतात, परंतु त्यांचे वाचन करविणारे साधन उरत नाही. युनिकोडमधील देवनागरी मजकुरावर ही आपत्ती येत नाही. विंडोज २००० पासून तो प्रणालीच्या स्वतःच्या फॉन्टनेही वाचता येतो.

सारांश, रीसेट करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करून लेखनाची प्रत बाहेर काढावी. तबकडी कुलूपबंद असल्यास त्यासाठीही किल्ली लागते. ती किल्ली, जुन्या फॉन्टची फाइल आणि मजकुराची युनिकोड प्रत ही तिन्ही संगणकाबाहेर जपून ठेवणे, हे आता हस्तलिखित जपण्याइतकेच विद्याकर्तव्य मानले पाहिजे.